एमआरआय नॉर्मल आला, मग यंत्र कुठे लावणार?

माझ्या नैराश्यावर चुंबकाचा उपचार करायचा होता, त्याआधी मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टच्या शेवटी एकच ओळ होती, मेंदूत लक्षणीय दोष आढळत नाही. घरात तिचे वेगवेगळे अर्थ लागले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आमचे हे म्हणाले, "चला, सुटलो. आता उगाच मनाला लावून घेऊ नकोस." माझा मात्र चेहरा पडला. डोक्यात गाठ निघावी असं काही मला वाटत नव्हतं, पण काहीतरी दिसावं, लोकांना बोट ठेवून दाखवता यावं, एवढी इच्छा नक्की होती. आमच्या शाळेतल्या एका बाईंना थायरॉईड आहे, त्या रिपोर्टातला आकडा दाखवतात आणि स्टाफरूम गप्प होते. माझ्याकडे आकडाच नव्हता.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पहाटे तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. पेपरांचा गठ्ठा सोडला की एकच उत्तर चारदा वाचायचं आणि तरी गुण द्यायचे सुचायचे नाहीत. रडू येत नव्हतं, हे लोकांना पटायचं नाही. काहीच येत नव्हतं, हे खरं दुखणं होतं. आधी एसिटॅलोप्राम हे नैराश्यावरचं औषध झालं, पुरेसा डोस, पुरेसा काळ. मग व्हेन्लाफॅक्सिन झालं. त्याच्या जोडीला समुपदेशन. दोन वेगवेगळी औषधं नीट घेऊनही फरक पडला नाही की डॉक्टर त्या नैराश्याला 'रेझिस्टंट' म्हणतात. ऐकायला हट्टी पोरगं वाटतं, पण यात विशेष असं काही नाही. अमेरिकेतल्या 'स्टार-डी' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले तेव्हाच दिसलं होतं, की पहिल्या औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक असतात. पुढच्या प्रत्येक औषधागणिक आशा कमीच होत जाते.

याच काळात एका ओळखीच्यांनी एका सेंटरचं नाव सुचवलं. तिथे 'ब्रेन मॅपिंग' करून नेमका दोष सांगतात म्हणे. डोक्याला टोपी घातली, थंडगार जेल लावलं, डोळे मिटून बसवलं आणि बाहेर पडताना हातात चकचकीत फाइल दिली. त्यात डोक्याची वर्तुळं होती, लाल, पिवळी, निळी. "तुमचा पुढचा भाग अंडरअ‍ॅक्टिव्ह आहे," असं सांगून दोन महागड्या डब्या गळ्यात मारल्या. ती फाइल घरात खूप फिरली. सासूबाईंनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाल्या, "हितं निळं हाय तितंच दुखतंय व्हय गं तुला?" त्या चित्रामुळे माझ्याशी त्यांचं वागणं दोन दिवस मऊ झालं होतं, हे नाकारणार नाही. डब्या संपल्या, फरक शून्य.

पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा हीच फाइल सगळ्यात वर ठेवली होती. त्यांनी पानं चाळली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "यावरून मी तुमची एक गोळीसुद्धा ठरवू शकत नाही." मी थोडी चिडलेच. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. दहावी 'अ' ची सरासरी दहावी 'ब' पेक्षा दोन गुणांनी जास्त आली, तर तुकड्यांत फरक आहे असं म्हणता येतं. पण एका मुलाचे गुण दाखवून हा कुठल्या तुकडीतला ते ओळखा म्हटलं तर ओळखता येणार नाही. नैराश्याच्या मेंदूचित्रांचं असंच आहे. आजारी लोकांचा गट आणि निरोगी लोकांचा गट समोरासमोर ठेवला की फरक दिसतात, शेकडो शोधनिबंधांत दिसले आहेत. समोर बसलेल्या एका बाईचं चित्र बघून निदान करणं ही दुसरी गोष्ट आहे, आणि ती अजून कुणालाही जमलेली नाही.

मग एमआरआय कशाला? हे मी विचारलंच. त्यांनी दोन कारणं दिली. एक, चाळिशीनंतर डोकेदुखीसह आलेलं आणि औषधांना न जुमानणारं नैराश्य असेल तर मेंदूत दुसरं काही नाही ना, हे एकदा बघावं. थायरॉईड, बी-१२ वगैरे रक्ताच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या. दुसरं कारण त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्या मला टीएमएस सुचवत होत्या, म्हणजे डोक्याला बाहेरून चुंबकीय स्पंद देणं. ते कुठे द्यायचे ते माझ्याच मेंदूच्या चित्रावरून ठरवायचं होतं. आजार दाखवण्याशी त्या चित्राचा काही संबंध नव्हता.

घरी सांगितलं तर पहिला प्रश्न, "म्हंजी शॉक देणार?" सासूबाईंच्या डोळ्यांसमोर जुन्या सिनेमातलं दृश्य. मी त्यांना म्हटलं, "नाही हो आई, यात भूल नाही, झटका येत नाही, उठून चालत घरी येते मी." शॉकलाही लोक नाहक घाबरतात. अतितीव्र नैराश्यात तो आजही सगळ्यात प्रभावी उपचारांपैकी आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देण्यावर बंदीच घातली आहे. माझ्या बाबतीत डॉक्टरांना तिथवर जायची गरज वाटत नव्हती.

टीएमएसचं तत्त्व ऐकून मला हसू आलं. दरवर्षी दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना फळ्यावर काढते तेच. कुंतलाजवळ चुंबकीय क्षेत्र बदललं की वाहकात विद्युतधारा प्रवर्तित होते, फॅरेडे, १८३१. इथे वाहक म्हणजे माझा मेंदू, एवढाच फरक. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे माणसाच्या डोक्यावर करून दाखवलं, आणि नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. फिटचा आजार, मेंदूतल्या रक्तवाहिनीला शस्त्रक्रियेत लावलेली धातूची क्लिप किंवा ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर काय होऊ शकतं, हे सगळं विचारून झालं. टीएमएसमुळे फिट येण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी आहे, पण तो सांगून, सही घेऊनच पुढे गेले.

एमआरआयच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ दागिन्यांत गेला. मंगळसूत्र, जोडवी, पदराची पिन, आंबाड्यातल्या पिना. जोडव्यांसाठी साबण लागला. "ब्लाउजला हुक आहेत का?" असं तिथल्या सिस्टरने विचारलं आणि हातात त्यांचा गाऊन ठेवला. मी धाकट्या बहिणीकडे कोथरूडला उतरले होते, तीच सोबत होती. "ताई, तू आत गेलीस की मंगळसूत्र मी घालून बसते," म्हणाली, म्हणजे हरवायला नको. आतला आवाज मात्र कानात बोळे घालूनही भयंकर. ठकठक, मग घरघर, मग एकसारखा भोंगा. हलायचं नाही. नेहमीच्या तपासणीच्या चित्रांखेरीज एक मालिका जास्तीची होती. एक-एक मिलिमीटरचे काप, कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाक आणि दोन्ही कान धरून. साध्या तपासणीत नाकाकानांची एवढी पर्वा करत नाहीत. इथे ते का लागतात, हे पुढच्या आठवड्यात कळलं.

क्लिनिकमधल्या पडद्यावर माझं डोकं फिरत होतं. केस नाहीत, डोळे मिटलेले, राखाडी रंग, आणि हेडफोनच्या गाद्यांनी चेपलेले कान. स्वतःला असं बघायची कुणाची तयारी नसते. टेक्निशियन मुलगा पंचविशीचा असेल, दहावीतल्या पोरांसारखाच उत्साही. त्याने माझ्या कपाळाला पट्टी बांधली, तिला तीन चकचकीत गोळे होते. समोर इन्फ्रारेड कॅमेरा. मग एका लांब दांडीने त्याने माझ्या नाकाचं मूळ, नाकाचं टोक, दोन्ही कानांपुढचा खळगा अशा जागांना हलकेच स्पर्श केला आणि प्रत्येक जागा पडद्यावरच्या राखाडी डोक्याशी जुळवली. "मॅडम, नाक हलवू नका." जुळणी झाल्यावर त्याने चुंबकीय स्पंद देणारी कॉइल हातात घेतली, आठाच्या आकड्यासारखी, आणि ती माझ्या डोक्याभोवती फिरवली. पडद्यावर तिच्याखाली मेंदूची कुठली घडी येते ते त्याच क्षणी दिसत होतं. याला न्यूरोनॅव्हिगेशन म्हणतात.

उपचाराआधी स्पंदाची ताकद ठरवायची असते. डाव्या बाजूला, हाताच्या हालचाली चालवणाऱ्या भागावर एक स्पंद दिला आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. मी उडवला नव्हता. पुन्हा दिला, पुन्हा उडाला. मी चक्क "अजून एकदा करा" म्हणाले. कित्येक महिन्यांत मला एखाद्या गोष्टीचं कुतूहल वाटलं असेल तर ते तेव्हा. अंगठा जेमतेम हलेल एवढी ताकद म्हणजे तुमचा उंबरठा, आणि उपचार साधारण त्याच्या १२० टक्क्यांवर देतात.

आता मुख्य मुद्दा, जागा. उपचार द्यायचा असतो डाव्या डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर. नाव लांबलचक आहे, जागा कपाळाच्या वर, थोडी बाजूला. पूर्वी, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही, ती पट्टीने मोजतात. अंगठा उडाला तिथून पाच सेंटिमीटर पुढे, खूण करा, चालू करा. पण माणसांची डोकी एका मापाची नसतात. २००१ मधल्या एका जर्मन अभ्यासात या पद्धतीने काढलेली जागा २२ पैकी ७ जणांतच हव्या त्या भागावर पडली होती. मी टेक्निशियनला म्हटलं, पाच सेंटिमीटरची खूणही करून दाखव. त्याने केली. डॉक्टरांनी माझ्या चित्रावर नक्की केलेला बिंदू तिच्या चांगला दीड सेंटिमीटर पुढे होता. कॉइलचा जोर थोड्याच चौरस सेंटिमीटरवर आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत पोचतो, तिथे दीड सेंटिमीटर म्हणजे फार झालं.

पुढच्या प्रश्नासाठी मी घरून वाचून गेले होते. शिक्षकी खोड. नुसत्या रचनेच्या चित्रापेक्षा फंक्शनल एमआरआय का नाही? त्यात रक्तातल्या प्राणवायूच्या बदलांवरून मेंदूचे कुठले भाग एकमेकांबरोबर काम करतात ते कळतं. मेंदूच्या खोल भागात सबजेन्युअल सिंग्युलेट नावाचा एक तुकडा आहे, नैराश्यात त्याचं काम बिघडलेलं दिसतं. हेलन मेबर्ग यांनी या भागावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. चुंबक तिथवर पोचत नाही. पण वरच्या कॉर्टेक्समधला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातला, जो बिंदू त्या तुकड्याच्या उलट चालतो, एक वर गेला की दुसरा खाली, तिथे स्पंद दिले तर फायदा जास्त होतो, असं मायकल फॉक्स यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलं. त्यावरच स्टॅनफर्डच्या नोलन विल्यम्स यांची पद्धत उभी आहे. प्रत्येकाच्या फंक्शनल एमआरआयवरून बिंदू काढायचा आणि दिवसाला १० सत्रं, ५ दिवस. २०२२ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. पाच दिवसांत उतार! मी तर स्वप्नंच बघायला लागले होते.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, स्टॅनफर्डच्या त्या पद्धतीच्या चाचणीत खरा उपचार मिळालेले लोक १४ होते. आकडे फार चांगले आले, पण १४. आणि त्यात बिंदूमुळे किती फरक पडला, दिवसाला १० सत्रं दिल्याने किती, हे वेगळं काढता येत नाही. त्यांनी इंग्लंडमधल्या 'ब्राइटमाइंड' चाचणीचं सांगितलं, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधांना दाद न देणारे २५५ लोक, दोन गट. एका गटाची जागा साध्या एमआरआयवरून ठरवलेली, दुसऱ्याची फंक्शनल एमआरआयमधल्या जोडण्यांवरून. दोन्ही गट सुधारले. कुठला गट जास्त सुधारला? कुठलाच नाही. "तुमच्याकडून जास्तीच्या स्कॅनचे पैसे कशासाठी घेऊ?" हे वाक्य मला त्या सगळ्या प्रवासात सगळ्यात दिलासा देऊन गेलं. रंगीत फाइलवाल्यांनंतर तर फारच.

तरी मी एक प्रश्न रेटलाच. मला गोळी लागू पडेल की समुपदेशन, हे तरी चित्रातून कळतं का? त्याचाही शोध चालू आहे. मेबर्ग यांच्याच गटाने २०१३ मध्ये पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारी तपासणी, करून दाखवलं, की इन्सुला नावाच्या भागात साखरेचा वापर कमी असलेल्यांना विचारपद्धतीवर काम करणारं समुपदेशन जास्त मानवलं आणि वापर जास्त असलेल्यांना एसिटॅलोप्राम. २०२४ मध्ये लीअॅन विल्यम्स यांच्या गटाने नैराश्य आणि चिंतेच्या ८०१ रुग्णांचे मेंदू तपासून सहा प्रकार मांडले, आणि त्यातल्या एकाला व्हेन्लाफॅक्सिन चांगलं लागू पडलं. ते वाचून मी म्हटलं, म्हणजे मी त्या एकात नव्हते. पण हे सगळं अजून संशोधनातच आहे. दवाखान्यात जाऊन "माझा प्रकार सांगा" म्हणता येत नाही, आणि कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याच्या फाइलला रंग किती आहेत ते बघावं.

सत्रं सुरू झाली. आठवड्याचे पाच दिवस. जुन्या पद्धतीचं सत्र साडेसदतीस मिनिटांचं असतं. माझं थीटा बर्स्ट होतं, म्हणजे छोट्या झुबक्यांत भराभर दिलेले स्पंद, एकूण ६००, तीन मिनिटांच्या वर जेमतेम काही सेकंद. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या कॅनडातल्या ४१४ लोकांच्या चाचणीत हे छोटं सत्र लांब सत्राइतकंच उपयोगी ठरलं होतं. तीन मिनिटांसाठी कोथरूडहून रिक्षाने जायचं, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये. पहिले काही दिवस टाळूवर कुणीतरी नखाने टिचक्या मारतंय असं वाटायचं आणि डावी भुवई स्पंदाबरोबर उडायची. डोकं दुखलं की पॅरासिटॅमॉल. रोज पट्टी, रोज नाकाला दांडी, रोज तोच बिंदू. कॉइल तीन-चार मिलिमीटर सरकली तरी पडद्यावर दिसायचं आणि पोरगा "थांबा मॅडम" म्हणून नीट करायचा.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काहीच वाटत नव्हतं. मग एका संध्याकाळी रिक्षावाल्याने मीटरपेक्षा जास्त मागितले आणि मी रस्त्यात उभी राहून त्याच्याशी भांडले, सुट्ट्यांसकट. घरी आल्यावर बहीण म्हणाली, "ताई, तू भांडलीस?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. झोप त्याच्या नंतर सुधारली, पाचपर्यंत लागायला लागली. भाची म्हणाली, "मावशी, तू आता माझ्या जोकवर हसतेस. पूर्वी नुसतं बघायचीस."

कोर्स संपला तेव्हा नैराश्य मोजणाऱ्या हॅमिल्टन प्रश्नावलीवरचा माझा आकडा निम्म्याच्या खाली आला होता. निम्मा झाला की त्याला 'प्रतिसाद' म्हणतात. ७ किंवा कमी आला तर आजार उतरला असं धरतात, तिथे मी अजून पोचलेले नाही. हा आकडा नर्स प्रश्न विचारून काढते, यंत्र नाही. झोप कशी, भूक कशी, कामात लक्ष लागतं का. एवढ्या चुंबकांनंतर फरक मोजायला शेवटी प्रश्नच.

आणि तो फरक कशाने पडला, हे मला सांगता येणार नाही. त्याच काळात औषध बदललेलं होतं. शाळेला सुट्टी होती. बहिणीच्या घरी आयतं जेवण होतं. रोज ठरावीक वेळी उठून, आंघोळ करून कुठेतरी जायचं होतं. टीएमएसच्या चाचण्यांत खोटी कॉइल लावलेले लोकही काही प्रमाणात सुधारतातच. पाच सेंटिमीटरवर स्पंद दिले असते तर काय झालं असतं, हे तपासायला माझ्याकडे दुसरी मी नाही. वर्गात एखाद्या मुलाने असा प्रयोग लिहून आणला असता तर 'नियंत्रित गट कुठे?' असा लाल शेरा मीच मारला असता. आईंना यातलं काही पटत नाही. त्यांच्या मते मशिनीनंच गुण आला, आणि आता त्या शेजारणीला सांगतात, "डोक्याचा फोटू काढून बरोब्बर जागेवर औषध मारलं."

पैशांचं रामायण वेगळंच. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट म्हटलंय, की विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर तरतूद करावी. आमच्या विमा कंपनीने दावा परत पाठवला, कारण मी दवाखान्यात दाखल झाले नव्हते. तीन मिनिटांच्या उपचारासाठी दाखल कशाला व्हायचं? ह्यांनी बँकेतली सगळी शिस्त वापरून तीन पानी पत्र लिहिलं, कलमासकट. उत्तरात कंपनीने एमआरआयची मूळ प्रत मागितली आहे आणि निदान सिद्ध करणारा निष्कर्ष त्यात कुठे आहे असं विचारलंय. डॉक्टरांनी पुन्हा पत्र दिलं, की निदान एमआरआयवरून झालेलं नाही आणि होत नसतं. ते पत्र गेल्या सोमवारी पोस्टाने गेलं.

सध्या औषध चालू आहे, महिन्याने एकदा पुण्याला जाते, शाळा जूनमध्ये सुरू झाली. पुन्हा बिघडलं तर काही सत्रं परत घ्यावी लागतील, त्याची कल्पना डॉक्टरांनी दिली आहे. त्या बिंदूचे तिन्ही अक्षांवरचे अंक त्यांच्या संगणकात नोंदवलेले आहेत, एक छापील प्रत मीही मागून घेतली. नवीन एमआरआय लागणार नाही.